भांडण जपणारा पंच

२८ जून २०२३ रोजी रशियात बकरी ईद होती. त्या दिवशी अध्यक्ष व्लादिमिर पुतिन दागेस्तानमधल्या देर्बेंत शहरातील जुन्या जुमा मशिदीत गेले. तिथे त्यांना कुराणाची प्रत भेट मिळाली. ती हातात धरून त्यांनी सांगितले की, आमच्या देशात कुराणाचा अवमान हा गुन्हा आहे. त्याच दिवशी स्वीडनच्या राजधानीत मशिदीसमोर कुराण जाळले गेले होते. मग काय, ती क्लिप आपल्या कितीतरी ग्रुपांतून फिरली. 'नेता असावा तर असा' हा सूर अजूनही ऐकू येतो.

या सुरामागचे दुःख खरे आहे. इराक, अफगाणिस्तान आणि गाझा पाहिलेल्या पिढीला अमेरिकेसमोर ताठ उभा राहणारा कोणीही आपला वाटतो. पण दुःख खरे असले म्हणजे त्यातून काढलेला निष्कर्ष खरा ठरतोच असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये अंकारा येथे येमेनच्या युद्धाविषयी बोलताना याच पुतिन यांनी कुराणातील बंधुभावाच्या आयतीचा दाखला दिला होता. त्याच पत्रकार परिषदेत त्यांनी सौदी अरेबियाला रशियन हवाई संरक्षण यंत्रणा विकत घेण्याचा सल्लाही दिला. आधी आयत, मग दरपत्रक.

पुतिन यांच्या मनात इस्लामविषयी काय आहे, हा आजचा विषय नाही. ते अल्लाह जाणे. आजचा विषय आहे रशियाच्या शेजारचे देश आणि तिथे गेली तीस वर्षे 'शांतिसेना' या नावाने वावरणारे रशियन सैन्य. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटला. त्यातून निघालेल्या देशांपैकी काही मुस्लिमबहुल आहेत, काही ख्रिस्ती. दोन्ही प्रकारच्या देशांत ही सेना गेली. तिने दोन्हीकडे काय केले, हे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते: ज्या पंचाचे राहणे भांडणाच्या राहण्यावर अवलंबून आहे, तो पंच भांडण मिटवत नाही, जपतो. आणि असा पंच आपल्या आवडीचा आहे म्हणून आपण त्याच्यासाठी टाळ्या वाजवणार असू, तर उद्या आपल्याला इन्साफ मागण्याचा हक्क उरणार नाही.

पंचाची अट

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची तीन तत्त्वे ठरलेली आहेत. भांडणाऱ्या पक्षांची संमती हवी. सेना निःपक्ष हवी. आणि स्वतःचा बचाव किंवा नेमून दिलेल्या कामाचे रक्षण याखेरीज तिने बळ वापरायचे नाही. हे समजायला न्यूयॉर्कला जावे लागत नाही. आपल्या मोहल्ल्यात दोन भावांची घरावरून जुंपली, तर सुलह करायला आपण कोणाला बोलावतो? ज्याचा त्या घरात हिस्सा नाही त्याला. ज्याचा डोळा रस्त्याकडेच्या गाळ्यावर आहे, त्याला कोणी पंच करत नाही. दोन मांजरांना लोणी वाटून देणाऱ्या माकडाची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो आहोत.

रशियन भाषेत अशा सैनिकाला 'मिरोत्वोरेत्स' म्हणतात, म्हणजे शांती घडवणारा. शब्द मोठा सुंदर आहे. आता त्याचे काम पाहू.

मोल्दोव्हा: तीस वर्षांचा मुक्काम

मोल्दोव्हा हा रुमानिया आणि युक्रेन यांच्यामधला छोटा देश. त्याच्या पूर्वेला निस्त्रू नदीच्या काठाने एक चिंचोळी पट्टी आहे, तिचे नाव ट्रान्सनिस्ट्रिया. १९८९ मध्ये मोल्दोव्हाने आपली भाषा राजभाषा केली. पट्टीतील रशियन भाषकांना भीती वाटली की आता आपण आपल्याच घरात परके होणार. भाषेच्या नावाने अल्पसंख्याकांना अशी भीती वाटू शकते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ती भीती खोटी नव्हती. पण १९९२ मध्ये तिचे युद्ध झाले, तेव्हा तिथे मुक्कामी असलेली जुनी सोव्हिएत चौदावी सेना फुटीरांच्या बाजूने लढाईत उतरली. शेकडो माणसे मेली.

२१ जुलै १९९२ रोजी मॉस्कोत युद्धबंदीचा करार झाला. सह्या कोणाच्या? मोल्दोव्हाचे अध्यक्ष मिर्चा स्नेगुर आणि रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांच्या. म्हणजे युद्धबंदीच्या कागदावर समोरचा पक्ष म्हणून रशियाचीच सही आहे, आणि त्याच कागदाने रशियाच शांतिरक्षक झाला. ज्याने एका भावाच्या हाती काठी दिली, तोच दुसऱ्या दिवशी पंचाच्या खुर्चीवर.

गोळीबार थांबला, हे मान्य करायला हवे. तेव्हापासून तिथे मोठे युद्ध झालेले नाही, आणि ज्यांची मुले त्यामुळे वाचली त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. पण पुढे काय? १९९९ च्या इस्तंबूल शिखर परिषदेत रशियाने वचन दिले की २००२ अखेरपर्यंत आपले सैन्य मोल्दोव्हातून काढून घेऊ. ते सैन्य आजही तिथे आहे. कोबास्ना गावातील सोव्हिएतकालीन दारूगोळ्याचे कोठारही तिथेच आहे. त्यात सुमारे वीस हजार टन साठा असल्याचे सांगितले जाते. २००३ मध्ये मॉस्कोने एक तोडग्याचा मसुदा आणला. त्यात पट्टीला मोल्दोव्हाच्या कारभारात मोठा नकाराधिकार होता आणि रशियन सैन्याच्या दीर्घ मुक्कामाची सोय होती. मोल्दोव्हाने शेवटच्या क्षणी सहीला नकार दिला. तोडगा आणि मुक्काम एकाच गाठोड्यात बांधला की तोडगा कोणासाठी आहे ते उघड होते.

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००४ मध्येच म्हटले की, ही पट्टी रशियाच्या प्रत्यक्ष अधिकाराखाली किंवा निदान निर्णायक प्रभावाखाली चालते. या प्रभावाची किंमत कोण देते? १ जानेवारी २०२५ रोजी रशियन वायूचा पुरवठा बंद झाला तेव्हा ऐन हिवाळ्यात पट्टीतील घरांची उष्णता आणि गरम पाणी गेले. ज्यांचे रक्षण करायला ही सेना तीस वर्षे बसली आहे, तेच लोक थंडीत कुडकुडले.

जॉर्जिया: आधी जखम, मग मलमपट्टी

काळ्या समुद्राकाठचा अबखाझिया हा जॉर्जियाचा भाग. १९८९ च्या जनगणनेनुसार तिथे अबखाझ लोक सुमारे १८ टक्के होते आणि जॉर्जियन सुमारे ४६ टक्के. स्वतःच्या भूमीत अल्पसंख्य झालेल्या अबखाझांची तक्रार खरी होती. जॉर्जियातील त्या काळचा राष्ट्रवादही उद्धट होता. ऑगस्ट १९९२ मध्ये जॉर्जियन फौजा अबखाझियात घुसल्या आणि युद्ध पेटले.

या युद्धातील एक प्रकरण आपल्या तरुणांनी नीट वाचावे. उत्तर कॉकेशसमधील चेचेन आणि इतर पहाडी जमातींचे मुस्लिम तरुण स्वयंसेवक म्हणून अबखाझांच्या बाजूने लढायला गेले. डोंगर ओलांडून हत्यारबंद टोळ्या जात असताना मॉस्कोने डोळे मिटून घेतले, कारण तेव्हा त्या उपयोगाच्या होत्या. सप्टेंबर १९९३ मध्ये सुखुमी शहर पडले. दोन लाखांहून अधिक जॉर्जियन घरदार सोडून पळाले. आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९४ मध्ये, रशियन रणगाडे त्याच चेचेनांच्या ग्रोझ्नी शहरावर चालून गेले. महासत्तेला मित्र लागत नाहीत, हत्यारे लागतात. हत्याराचे काम संपले की ते मोडून टाकतात.

हरलेला, यादवीने मोडलेला जॉर्जिया मग मॉस्कोच्या दारी गेला. रशियाच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रकुलात सामील झाला, रशियन लष्करी तळांना राजी झाला. मे १९९४ च्या करारानंतर इंगुरी नदीच्या दोन्ही काठांवर 'राष्ट्रकुलाची' शांतिसेना उभी राहिली. नाव राष्ट्रकुलाचे, सैनिक जवळजवळ सगळे रशियाचे. बेघर झालेल्यांना घरी परतवणे हाही करारामागचा हेतू होता. गाली जिल्ह्यातील काही लोक सोडले तर ते परतले नाहीत.

दुसरा तुकडा दक्षिण ओसेशिया. तिथे १९९२ पासून रशियन, जॉर्जियन आणि ओसेशियन अशा तिघांच्या तुकड्या होत्या. २००२ पासून रशियाने दोन्ही भागांतील लोकांना भराभर रशियन पासपोर्ट वाटले. डाव साधा आहे. आधी शेजाऱ्याच्या घरातील माणसाला आपला नागरिक करायचे, मग 'आमच्या नागरिकाला धोका आहे' म्हणून दार फोडायचे. मे २००८ अखेर रशियाने आपले रेल्वे-सैनिक अबखाझियात लोहमार्ग दुरुस्त करायला पाठवले आणि या कामाला मानवतावादी म्हटले. जुलैअखेर मार्ग दुरुस्त झाला. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले.

इथे इन्साफाने बोलायचे तर जॉर्जियाची चूकही सांगितली पाहिजे. युरोपीय संघाने नेमलेल्या चौकशी आयोगाने २००९ मध्ये अहवाल दिला. ७ ऑगस्टच्या रात्री त्सखिनवाली शहरावर जॉर्जियाने केलेल्या तोफमाऱ्याने उघड युद्ध सुरू झाले आणि त्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार नव्हता, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याच अहवालात हेही आहे की, रशियाची पुढची लष्करी कारवाई बचावाच्या मर्यादेपलीकडे गेली आणि पासपोर्टांचे सरसकट वाटप कायद्याला धरून नव्हते. २६ ऑगस्ट २००८ रोजी रशियाने दोन्ही तुकड्यांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. जून २००९ मध्ये सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून अबखाझियातील संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक पथकही बंद पाडले. पंचाने आधी भांडणातील घर आपल्या माणसाच्या नावावर केले, मग साक्षीदाराला हाकलले.

ताजिकिस्तान: आपल्यांचेच प्रकरण

'ते ख्रिस्ती देशांचे झाले, आपल्याला काय?' असे कोणी म्हणेल. म्हणून ताजिकिस्तान पाहू.

ताजिकिस्तानात १९९२ ते १९९७ यादवी झाली. एका बाजूला जुन्या कम्युनिस्ट चौकटीतून आलेले सरकार, दुसऱ्या बाजूला इस्लामी पुनरुज्जीवन पक्ष आणि लोकशाहीवादी गट यांची आघाडी. दोन्हीकडे मुसलमानच. हजारो माणसे मेली आणि १९९२-९३ च्या हिवाळ्यात पन्नास हजारांहून अधिक निर्वासित नदी ओलांडून अफगाणिस्तानात गेले. स्वतःच युद्धात होरपळलेल्या अफगाणिस्तानात आसरा शोधावा लागला, यावरून काय अवस्था असेल ते समजा. देशात रशियाची २०१ वी डिव्हिजन होती. १९९३ मध्ये तिच्याभोवतीच राष्ट्रकुलाची शांतिसेना उभारली गेली. ती कागदावर तटस्थ होती. प्रत्यक्षात सरकार टिकले ते तिच्या आधारावर.

आता यातील दुसरी, आशेची बाजू. १९९४ पासून संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने ताजिकांची आपसांत बोलणी सुरू झाली. त्यात रशियाने आणि इराणनेही मदत केली, आणि ही मदत खरी होती. २७ जून १९९७ रोजी अध्यक्ष इमोमाली रहमान आणि विरोधी आघाडीचे नेते सय्यद अब्दुल्ला नुरी यांनी करारावर सह्या केल्या. विरोधकांना सरकारी पदांत ३० टक्के वाटा ठरला. इस्लामी पक्ष कायदेशीर झाला. त्या काळात मध्य आशियात असे दुसरे उदाहरण नव्हते. म्हणजे शांतता आली ती कोणाच्या रणगाड्याने नाही. भांडणारे एकमेकांसमोर बसले आणि एकमेकांना वाटा देऊ लागले, तेव्हा ती आली.

मग त्या वाट्याचे काय झाले? तो वर्षावर्षाला आटत गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये इस्लामी पुनरुज्जीवन पक्षावर बंदी आली, त्याला दहशतवादी ठरवले गेले, त्याचे नेते तुरुंगात गेले. २०१६ मध्ये सार्वमत घेऊन रहमान यांनी हव्या तितक्या वेळा अध्यक्ष होण्याची सोय करून घेतली. २०२४ मध्ये 'परक्या पोशाखा'विरुद्ध कायदा झाला, त्याचा रोख हिजाबवर आहे. ज्या कराराच्या हमीदारांत रशिया होता, तो डोळ्यांदेखत फाटला आणि हमीदार गप्प राहिले. मात्र त्याच रशियाच्या लष्करी तळाची मुदत २०१२ मध्येच २०४२ पर्यंत वाढवून झाली होती. तळाचा करार जिवंत, माणसांचा करार मेला.

देर्बेंतमध्ये कुराण हातात धरणारा नेता आणि दुशान्बेत हिजाब उतरवणाऱ्या सरकारचा पाठीराखा एकच आहे. आपल्या ग्रुपात पहिली क्लिप येते, दुसरी बातमी येत नाही.

ओश आणि अल्माटी

शांतिसेना कुठे गेली, यापेक्षा कुठे गेली नाही यावरून जास्त कळते.

जून २०१० मध्ये किर्गिझस्तानच्या ओश शहरात किर्गिझ आणि उझबेक यांच्यात भीषण दंगल झाली. चारशेहून अधिक लोक मारले गेले, त्यांत बहुसंख्य उझबेक. सुमारे एक लाख माणसे, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी, सीमा ओलांडून उझबेकिस्तानात गेली. मोहल्लेच्या मोहल्ले जळत होते. हंगामी अध्यक्षा रोझा ओतुनबायेवा यांनी रशियाकडे उघडपणे सैन्य मागितले. मॉस्कोने उत्तर दिले की हा अंतर्गत मामला आहे. रशियाने पॅराट्रूपर पाठवले, नाही असे नाही. पण ते कान्त येथील स्वतःच्या हवाई तळाच्या रक्षणासाठी.

आता जानेवारी २०२२ चे कझाकस्तान. गाड्यांत भरायच्या वायूचे दर वाढले म्हणून झानाओझेन शहरात लोक रस्त्यावर आले, निदर्शने देशभर पसरली आणि अल्माटीत हिंसा झाली. ५ जानेवारीला अध्यक्ष तोकायेव यांनी रशियाच्या नेतृत्वाखालील सामूहिक सुरक्षा करार संघटनेकडे मदत मागितली. दुसऱ्याच दिवशी 'शांतिसैनिक' निघाले, सुमारे दोन हजार. ७ जानेवारीला तोकायेव यांनी इशारा न देता गोळ्या घालण्याचा आदेश दिल्याचे स्वतः टीव्हीवर सांगितले. सरकारी आकड्यानुसारच दोनशेहून अधिक लोक मेले. परकी तुकड्यांनी मुख्यतः विमानतळ आणि इतर महत्त्वाची ठाणी सांभाळली आणि दोन आठवड्यांच्या आत त्या परतल्या, हे नोंदवले पाहिजे. पण तोकायेव यांचे हात त्यामुळे मोकळे झाले, हेही तितकेच खरे.

ओशमध्ये जळणाऱ्या घरांसाठी 'अंतर्गत मामला', अल्माटीत डगमगणाऱ्या खुर्चीसाठी एका दिवसात विमाने. दोन्हीकडे मुसलमान होते. फरक एवढाच की एकीकडे प्रजेचा जीव धोक्यात होता आणि दुसरीकडे सत्तेचा.

काराबाख: आपली परीक्षा

आता सर्वांत अवघड प्रकरण. अवघड अशासाठी की इथे एक बाजू मुस्लिम आहे.

नागोर्नो-काराबाख हा आंतरराष्ट्रीय कायद्याने अझरबैजानचा भाग, वस्ती मुख्यतः आर्मेनियन. १९८८ पासून तंटा पेटला. सुमगाईत आणि बाकू येथे आर्मेनियनांच्या कत्तली झाल्या. फेब्रुवारी १९९२ मध्ये खोजाली येथे शेकडो अझरबैजानी नागरिक मारले गेले. १९९४ मध्ये युद्धबंदी झाली तेव्हा काराबाख आणि भोवतीचे सात जिल्हे आर्मेनियन फौजांच्या ताब्यात होते आणि पाच लाखांहून अधिक अझरबैजानी बेघर होते. आगदाम हे अख्खे शहर ओसाड पडले. त्या बेघरांचा हक्क खरा होता आणि जगाने तो पंचवीस वर्षे टाळला. या सर्व काळात रशिया मध्यस्थही होता आणि दोन्ही बाजूंना शस्त्रे विकणारा दुकानदारही.

२०२० मध्ये अझरबैजानने ४४ दिवसांच्या युद्धात बराच भाग परत मिळवला. १० नोव्हेंबरच्या करारानुसार १,९६० रशियन शांतिसैनिक पाच वर्षांसाठी आले. काराबाखमध्ये उरलेल्या आर्मेनियनांना आर्मेनियाशी जोडणारा एकच रस्ता उरला, लाचीन मार्गिका. त्याची जबाबदारी रशियन सैन्यावर होती. १२ डिसेंबर २०२२ रोजी तो रस्ता अडवला गेला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अझरबैजानला रस्ता मोकळा ठेवण्याचा आदेश दिला. रस्ता मोकळा झाला नाही. दुकाने रिकामी झाली, पावासाठी रांगा लागल्या. शांतिसैनिक नाक्यावर उभे होते. १९ सप्टेंबर २०२३ रोजी अझरबैजानने हल्ला केला, दुसऱ्या दिवशी काराबाखने शरणागती पत्करली, आणि आठवड्याभरात एक लाखाहून अधिक आर्मेनियन आपली घरे, बागा आणि कबरी मागे टाकून निघून गेले. त्या लढाईत काही रशियन शांतिसैनिकही मारले गेले, तरी मॉस्को शांत राहिले. २०२४ च्या जूनपर्यंत सेना मुदतीआधीच परतली.

ती गप्प का राहिली? २२ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणाच्या दोनच दिवस आधी, रशिया आणि अझरबैजान यांनी मैत्रीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या होत्या. निर्बंधांत अडकलेल्या रशियाला अझरबैजानमधून इराणकडे जाणारा रस्ता हवा होता. हाच तो उत्तर-दक्षिण व्यापारमार्ग, ज्याचे एक टोक आपल्या मुंबईत आहे. आर्मेनियन माणसांपेक्षा मालगाड्यांचा हिशोब मोठा ठरला.

आता आपल्याकडे काय झाले ते पाहा. इथल्या हिंदुत्ववादी वर्तुळांनी आर्मेनियाची बाजू उचलली, कारण पाकिस्तान आणि तुर्की अझरबैजानबरोबर. भारताने आर्मेनियाला पिनाका रॉकेट यंत्रणा विकल्याच्या बातम्या आल्या. ती यंत्रणा पुण्याच्या संरक्षण संशोधन संस्थेत घडलेली. मे २०२५ मध्ये तुर्की आणि अझरबैजानवर बहिष्काराची हाक निघाली आणि पुण्यातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे बंद केली. आपल्यातील काहींनी उलट्या बाजूने तेच केले. 'मुस्लिम देश जिंकला' म्हणून मिठाई वाटावी, असा सूर लावला. दोन्ही बाजूंनी लाचीनच्या रांगेतील आई पाहिली नाही, आणि आगदामच्या ढिगाऱ्यात आपले घर शोधणारा म्हाताराही पाहिला नाही.

१९९३ मध्ये बेघर झालेला अझरबैजानी मजलूम होता. २०२३ मध्ये बेघर झालेला आर्मेनियनही मजलूम आहे. ही दोन वाक्ये एका दमात बोलता आली पाहिजेत. जो फक्त पहिले बोलतो त्याला न्याय नको, विजय हवा आहे.

'आणि अमेरिकेचे काय?'

हा प्रश्न येणारच, आणि तो विचारलाच पाहिजे. अमेरिकेने २००३ मध्ये खोट्या कारणावर इराक उद्ध्वस्त केला. गाझात युद्धबंदीचे ठराव तिने नकाराधिकाराने पाडले. ऑगस्ट २०२५ मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान यांचा समझोता वॉशिंग्टनमध्ये झाला, आणि त्यातील नव्या मार्गाला चक्क ट्रम्प यांचे नाव देण्यात आले. एका पहारेकऱ्याची काठी खाली पडली की दुसरा पहारेकरी ती उचलतो. संयुक्त राष्ट्रांची निळी टोपीही पवित्र नाही. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात तिच्या डोळ्यांदेखत सुरू झालेल्या संहारात आठ हजार बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुले मारली गेली.

आपला देशही यातून सुटत नाही. १९८७ मध्ये भारताने श्रीलंकेत शांतिसेना पाठवली. काही महिन्यांत ती तमिळ वाघांशीच लढू लागली, आणि ज्या तमिळांच्या रक्षणाला ती गेली त्यांनाच ती परकी वाटू लागली. मार्च १९९० मध्ये ती परतली तेव्हा सुमारे बाराशे भारतीय जवान गेले होते. महार रेजिमेंटचे मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना तिथेच वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जवानाच्या शौर्याला सलाम. प्रश्न त्याला पाठवणाऱ्यांना आहे. निस्त्रूच्या पुलावर थंडीत उभ्या असलेल्या विशीतल्या रशियन पोरालाही हेच लागू आहे.

पण 'अमेरिकेचे काय' हा प्रश्न बहुतेक वेळा मोजपट्टी म्हणून विचारला जात नाही, पांघरूण म्हणून विचारला जातो. एकाच्या गुन्ह्याने दुसऱ्याचा गुन्हा धुतला जात नाही. तसे असते तर जगात कोणीच जालिम उरला नसता.

२१ फेब्रुवारी २०२२ रोजी पुतिन यांनी पूर्व युक्रेनच्या दोन भागांना मान्यता दिली आणि सैन्याला तिथे 'शांतता राखण्याचे' काम सोपवले. तीन दिवसांनी पूर्ण आक्रमण सुरू झाले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस यांनी तेव्हाच बजावले होते की, शांतिरक्षण या कल्पनेचाच हा विपर्यास आहे. ज्यांनी मोल्दोव्हा आणि जॉर्जिया पाहिले होते, त्यांना हा डाव नवा नव्हता. क्रायमियाचे तातार मुसलमान तर २०१४ पासून याचा अनुभव घेत आहेत. त्यांची निवडून आलेली मजलिस रशियाने २०१६ मध्ये अतिरेकी ठरवून बंद केली.

मग आपण काय करायचे?

आपण अहमदनगरला किंवा औरंगाबादला बसून कॉकेशस बदलू शकत नाही. पण आपली जीभ आणि आपला फॉरवर्ड आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी कुठलीही 'शांतिसेना' कुठेही उतरली, मग ती रशियाची असो, अमेरिकेची, तुर्कीची की आपली स्वतःची, तर चार प्रश्न विचारा. पाठवणाऱ्याचा त्या भांडणात हिस्सा आहे का? ज्याच्या भूमीवर ती उभी आहे, तो तिला 'आता जा' म्हणू शकतो का? पळालेली माणसे घरी परतली का? आणि शेवटचा, सर्वांत कठीण: मरणारा आपल्या धर्माचा नसता, किंवा मारणारा आपल्या धर्माचा असता, तर मी हेच बोललो असतो का?

चौथा प्रश्न आपल्या जगण्याशी जोडलेला आहे. या देशात आपण अल्पसंख्याक आहोत. घर पाडले गेले, जमावाने कोणाला मारले, तर आपण शेजाऱ्याला सांगतो की धर्म पाहू नकोस, इन्साफ पाहा. ही मागणी आपण रोज करतो आणि तीच आपली खरी ताकद आहे. मग काराबाखच्या आर्मेनियनाला, अबखाझियातून हाकललेल्या जॉर्जियनाला, ओशच्या उझबेकाला आणि दुशान्बेच्या तुरुंगातील ताजिकाला आपण वेगवेगळ्या तराजूंत तोलू लागलो, तर आपली मागणी आपल्याच तोंडाने खोटी ठरते.

महासत्तांना समर्थक भरपूर मिळतात. घर गेलेल्यांना साक्षीदार मिळत नाहीत. आपण साक्षीदार व्हायचे की टाळ्या वाजवणारे, एवढेच ठरवायचे आहे, आणि ते मॉस्को किंवा वॉशिंग्टनला विचारून ठरवायची गरज नाही.